खंडी, मण आणि त्रैराशिक

केशराच्या भावाचे एक गणित भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त घातले आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? प्रमाण, फल, इच्छा अशी तीन पदे मांडावीत, फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. उत्तर साडेबावन्न पळे. यवतमाळच्या शेतकऱ्याला केशराशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याच्या घरी कापूस. पण गणित हेच, आणि ते चुकले तर वर्षाची बेगमी चुकते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस अडला आणि इकडचे भाव भडकले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला अरुंद रुळांची गाडी आली. माल मुंबईला जाई आणि भाव मुंबईच्या खंडीवर ठरे. ही खंडीही मोठी चमत्कारिक! एरवी खंडी वीस मणांची. रुईची मात्र अठ्ठावीस पौंडी मणाने अठ्ठावीस मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची.

किरकोळ हिशेब त्या मानाने सोपा. रुपया सोळा आण्यांचा नि मण चाळीस शेरांचा. तेव्हा मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. पावकी, निमकी, औटकी पाठ असलेल्या माणसाला कागद लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, मागोमाग किलोग्रॅम आला, आणि ही पाठांतरे निकामी झाली. खंडी तेवढी चिवट निघाली. रुईचा भाव आजही खंडीवरच बोलतात. फक्त तिला ३५६ किलो म्हणतात.

शेतकरी विकतो तो कापूस क्विंटलवर, सरकीसकट. त्यात रुई साधारण एक तृतीयांश. उतारा शेकडा ३३ असेल तर एका खंडीला सुमारे १०७९ किलो कापूस लागतो, ३५ असेल तर १०१७ किलोच पुरतो. उतारा वाढला की कापूस कमी लागतो; हे व्यस्त त्रैराशिक झाले. समजा, खंडीचा भाव ५३,४०० रुपये आहे. दहा क्विंटल कापसात या दोन उताऱ्यांमुळे वीस किलो रुईचा, म्हणजे तीन हजार रुपयांचा फरक पडतो. सरकी वीस किलो कमी निघते, तिची किंमत वजा करावी. तरी उरते ती रक्कम लहान नव्हे. आणि नेमका उतारा कळतो तो जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर. तोवर शेतकरी पैसे घेऊन गावी पोचलेला असतो.