आत्या, पेंग्विन आणि एमएच-१७१८

परवा रात्री जेवायला बसलो आणि धाकट्या काकांचा फोन. "अरे, तुझ्या आत्याला जरा समजाव. तुझं ऐकते ती."

विषय काय, तर आत्याला पेंग्विन बघायचेत. राणीच्या बागेतले नव्हेत, ते तिने नातवंडांबरोबर बघितले. "काचेमागे ठेवलेत बिचारे," एवढंच म्हणाली होती. २०१६ च्या जुलैमध्ये सोलहून आठ पेंग्विन मुंबईला आले, ते हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा बर्फाशी काही संबंध नाही. हे आत्याला सांगावं लागत नाही, तिने शाळेत जन्मभर भूगोल शिकवलाय. तिला जायचंय अंटार्क्टिकाला. बोटीने.

जे वळचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमचं वळ भिवंडी तालुक्यात. पूर्वी इथे भातशेती होती, आता गोदामं आहेत. तुम्ही घरबसल्या मागवलेली मिक्सर-मोबाईलची खोकी आमच्या आसपास एखादी रात्र मुक्काम करून मगच तुमच्याकडे येत असतील. आजोबांच्या ज्या शेतात आत्याने लहानपणी लावणी केली, तिथेही आज गोदाम आहे. त्यातला तिच्या हिश्शाचा पैसा बँकेत पडून आहे आणि त्यातूनच तिला जायचंय. काकांचं म्हणणं, "एवढ्या पैशात काय काय होईल! आणि पक्षी बघायला कुणी एवढं लांब जातं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून दोन-चार रात्री वाचत बसलो. तर काका, आणि कॉमेंट न देता गुपचूप वाचणारी इतर नातेवाईक मंडळी, हा लेख तुमच्यासाठी.

माणसं पेंग्विनपर्यंत गेली ती आधी बघायला नव्हे, तेलासाठी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मॅक्वारी नावाचं बेट आहे. १८९० च्या सुमाराला तिथे न्यूझीलंडच्या जोसेफ हॅच या व्यापाऱ्याने मोठमोठे बॉयलर नेऊन बसवले आणि पेंग्विन शिजवून त्यांच्या चरबीचं तेल काढायला सुरुवात केली. सुमारे तीस वर्षं हा धंदा चालला. लोकांनी, त्यात डग्लस मॉसनसारखे ध्रुव-संशोधकही होते, आरडाओरडा केल्यावर बंद झाला. १९३३ मध्ये ते बेट अभयारण्य झालं.

दुसरी गोष्ट १९११ ची. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. हा पेंग्विन हिवाळ्यातच अंडी घालतो, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. तापमान उणे साठच्या खाली गेलं, तंबू वादळात उडाला (नशिबाने पुन्हा सापडला). पाच आठवड्यांनी ते परत आले तेव्हा हातात तीन अंडी होती. विल्सन आणि बॉवर्स पुढच्याच वर्षी स्कॉटबरोबर गेले. १९१३ मध्ये चेरी-गॅरार्ड ती अंडी घेऊन लंडनच्या म्युझियममध्ये गेला, तर तिथे त्याचं फारसं कौतुकही झालं नाही. तेव्हा काका, पक्ष्यासाठी "एवढं लांब" जाणारी माणसं होती!

आता आपल्याकडे वळू. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून 'पोलार सर्कल' नावाची भाड्याने घेतलेली नॉर्वेची बोट निघाली. आत २१ जण, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. मोहीम गुप्त होती. ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर तिरंगा लागला आणि मगच देशाला कळलं. फेब्रुवारीत मंडळी गोव्याला परत आली.

आपण तिथे पोचेपर्यंत नियम ठरून गेलेले होते. १९५९ मध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करार केला होता, की हा खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी. १९६४ मध्ये तिथल्या प्राणी-पक्ष्यांच्या रक्षणाचे नियम झाले. भारत १९८३ मध्ये करारात सामील झाला. म्हणजे तेलाच्या काळात आपण तिथे नव्हतोच. आपण गेलो ते थेट वही-पेन्सिल घेऊन. यात आपला काही मोठेपणा आहे असं नाही, आपण उशिरा गेलो इतकंच. पण उशिरा जाण्याचाही कधी कधी फायदा होतो.

याच १९८३ च्या डिसेंबरात 'फिनपोलारिस' बोटीने तिसरी मोहीम निघाली आणि तिच्यात पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया होत्या. एक जादवपूरच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या डॉ. अदिती पंत. नागपूरचा जन्म, पुणे विद्यापीठातून पदवी, मग हवाई आणि लंडनला शिक्षण आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. त्यांचा विषय पेंग्विन नव्हता. समुद्रात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती हा त्यांचा विषय. पण गंमत बघा, त्या वनस्पतींवर क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव जगतात आणि क्रिल खाऊन पेंग्विन. कोळंबी म्हटल्यावर आपल्या खाडीकाठच्या माणसांना जास्त समजावून सांगायला नको. तळातलं गेलं की वरचं जातं.

त्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणं उभं केलं आणि १९८४ मध्ये तिथे चक्क पोस्ट ऑफिस निघालं, गोव्याच्या टपाल विभागाखाली! पुढे ते ठाणं बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं आणि १९९० मध्ये बंद करावं लागलं. मग 'मैत्री' ठाण्यावर पोस्ट सुरू झालं. आणि ५ एप्रिल २०२४ ला 'भारती' या तिसऱ्या ठाण्यावरही. ते आपल्या महाराष्ट्र टपाल परिमंडळाखाली येतं, आणि त्याला प्रायोगिक पिनकोड दिलाय एमएच-१७१८. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसलो. रोज इथे खोक्यांवर ४२१३०२ वाचणाऱ्या माणसाला एमएच वाचून काय वाटलं असेल! पाकिटं गोव्याला ध्रुवीय संशोधन केंद्राकडे पाठवायची, मोहिमेबरोबर ती खाली जातात आणि शिक्का बसून परत येतात.

दुसऱ्या दिवशी उत्साहाने आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, तिथून मला पत्र टाक, एमएच-१७१८ वरून!"

ती हसली. म्हणाली, "वेड्या, नकाशा बघितलास का? मैत्री आणि भारती पूर्वेला. पर्यटकांच्या बहुतेक बोटी अर्जेंटिनाच्या उशुआइयाहून निघतात, दोन दिवस ड्रेकच्या खवळलेल्या समुद्रातून, आणि पोचतात पलीकडच्या द्वीपकल्पाला. दोन्हींत हजारो किलोमीटर." मास्तरीण ती मास्तरीणच.

मग मी काकांचा निरोप सांगितला. पैशाबद्दल ती काहीच बोलली नाही. थोडं थांबून म्हणाली, "पैशाचं माझं मी बघीन. मला वेगळीच काळजी आहे. मी गेल्याने त्यांना त्रास होईल का रे?"

खरा प्रश्न हाच, आणि तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

नियम आहेत. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीने कुणाला किनाऱ्यावर उतरवायचं नाही. एका जागी एका वेळी शंभरच जण. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. उतरताना-चढताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, दगडसुद्धा उचलायचा नाही. हे सगळं चांगलंच. पण २०२३-२४ च्या एका हंगामात लाखाहून जास्त पर्यटक तिकडे गेले. २०२४ च्या मे महिन्यात कोचीला करार-देशांची बैठक भरली, तिथेही पर्यटनावर लगाम कसा घालायचा हाच एक मोठा विषय होता. शिवाय बोटींचा, विमानांचा धूर आहेच, आणि बर्फ आधीच कमी होतोय.

मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ती बेत रद्द करील. ती म्हणाली, "आपलं शेत गेलं तेव्हा तिथे बगळे यायचे, आठवतात? कुणी मोजले होते का? निदान जे राहिलंय ते एकदा नीट बघून यावं. छोट्या बोटीने जाईन. आणि पुन्हा जाणार नाही."

हे उत्तर पूर्ण पटलं असं नाही म्हणणार. एकदाच जाणारेच तर लाखभर होतात. पण गावातले बगळे मलाही आठवले, आणि मी तेव्हा काय केलं तेही आठवलं. काहीच नाही.

असो. तर काका, आत्याला समजावणं मला जमलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय की बर्फावर कमीत कमी फोटो काढ, जास्तीत जास्त बघ, आणि आल्यावर आमच्या मुलांना बसवून सगळं सांग. आणि गोव्याला पाठवायला एक पाकीट मी आणून ठेवलंय. पत्ता तिचाच घातलाय, वळचा.