मो इब्राहिम : फोनचा व्यापारी, सुराज्याचा कैवारी

जिथं धड रस्ता नाही, विजेचा भरवसा नाही, लोकांपाशी बँकेचं खातं नाही, तिथं टेलिफोनचा धंदा मांडायला कोण निघेल? १९९८ साली असा एक माणूस निघाला. त्याचं नाव मो इब्राहिम.

इब्राहिम यांचा जन्म १९४६ साली सुदानमधल्या न्युबियन कुटुंबात झाला. अलेक्झांड्रियाला ते इंजिनियर झाले, काही काळ सुदानच्या टेलिफोन खात्यात राहिले आणि १९७४ साली इंग्लंडला गेले. तिथं डॉक्टरेट मिळवून ते सेलनेट कंपनीचे तांत्रिक संचालक झाले. १९८९ साली नोकरी सोडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

आफ्रिकेचं नाव काढलं की युरोपातल्या बड्या कंपन्या मान फिरवीत. गरिबी फार, लाचखोरी फार, असं त्यांचं म्हणणं. इब्राहिम यांनी हिशेब उलटा मांडला. तारांचं जाळं नाही, म्हणूनच इथं बिनतारी फोन चालेल! त्यांनी सेलटेल कंपनी उभी केली. कांगोत रस्ते नव्हते, तर सामान हेलिकॉप्टरनं नेलं. 'आधी पैसे भरा, मग बोला' ही पद्धत ठेवल्यानं गरिबालाही थोडक्यात बोलता येऊ लागलं. लाच द्यायची नाही हा नियम. ३०,००० डॉलरांवरची रक्कम संचालक मंडळाच्या मंजुरीवाचून निघत नसे.

२००५ साली सेलटेल कुवेतच्या एमटीसी कंपनीनं ३४० कोटी डॉलरांना घेतली. पुढं २०१० साली यातला बहुतेक कारभार आपल्या भारती एअरटेलकडे आला.

आता या पैशाचं काय करावं? शाळा-दवाखाने बांधता आले असते. पण राज्यकारभारच नासका असेल, तर दानाला गळती लागते. म्हणून २००६ साली त्यांनी प्रतिष्ठान स्थापून वेगळंच बक्षीस ठेवलं. लोकांनी निवडलेला जो राष्ट्रप्रमुख चांगला कारभार करून, मुदत संपताच खुर्ची सोडील, त्याला दहा वर्षांत ५० लाख डॉलर. पहिला मान २००७ साली मोझांबिकचे शिसानो यांना, दुसरा २००८ साली बोट्स्वानाचे मोगाए यांना मिळाला. २००९ आणि २०१० साली मात्र योग्य माणूस सापडला नाही, तेव्हा बक्षीस कुणालाच दिलं नाही.

'राज्यकर्त्याला कसलं बक्षीस? ते तर त्याचं कर्तव्य!' असा आक्षेप कुणी घेतला. तो अगदीच खोटा नाही. पण खुर्ची गेली की पोटाची चिंता, या भयानंही माणसं सत्तेला चिकटतात, हे इब्राहिम यांनी ओळखलं. शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर घालावा : खुर्ची मिळवणं अवघड, की वेळेवर सोडणं?