ती आपल्याला ओळखत नाही

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी मालिकेतल्या नायिकेसारखी साडी घ्यायला कर्ज मागितलं. आम्ही हसलो. ताई म्हणाल्या, "दिवसभर माझ्याशी बोलायला तीच असते." आमचं हसू तिथंच विरलं.

ही ओढ आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. त्यांची साडी नेसायची ढब, त्यांचे दागिने, गजरा घरोघरी बायका उचलत. १२ मार्च १९११ रोजी 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. आपल्याला दिसते ती भामिनी; त्यामागचं घर आपल्याला दिसत नाही.

१९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्यावर लिहिलं. ती माणसं ठरल्या वेळी येतात, थेट आपल्याशीच बोलल्यासारखी बोलतात, म्हणून जवळची वाटतात. हे काही वेड नव्हे. पण आपण आजारी पडलो, तर ती विचारायला येणार नाहीत.

साडीचं कर्ज आम्ही दिलं नाही. मात्र आता दुपारी आमच्यातल्या दोघी पापड लाटायला ताईंकडेच जातात. मालिका चालूच असते, फक्त आता तिघी मिळून बघतात. तुमच्या गल्लीत अशी एकटी कोण आहे, मैत्रिणींनो?