संगणक लहान झाला, फूटपट्टी मात्र १९८३ चीच राहिली : छोट्या गेमिंग संगणकाचा इतिहास

१/१४
गेमिंगसाठी छोटा संगणक जुळवू पाहणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड निवडताना एक प्रश्न हमखास पडतो : हे कार्ड किती स्लॉटचे? दोन, अडीच की तीन? या एका 'स्लॉट'चे माप आहे २०.३२ मिलिमीटर, म्हणजे ०.८ इंच. हे विचित्र माप आले कोठून, आणि चाळीस वर्षांनंतरही ते का टिकले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/१४
ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात कार्डांसाठी पाच स्लॉट होते आणि दोन स्लॉटमधील अंतर एक इंच होते. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये आठ स्लॉट बसवायचे ठरले, तेव्हा हे अंतर ०.८ इंचांवर आले. आयबीएमशी सुसंगत यंत्रे बनवणाऱ्यांनीही तेच माप उचलले.

३/१४
१९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाणमान जाहीर केले. मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा. स्क्रूची छिद्रे कोठे असावीत तेही ठरलेले. स्लॉटमधील अंतर मात्र जुनेच. याचा खरा लाभ ग्राहकाला झाला. बोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसरीचे, एसएमपीएस तिसरीचा, आणि तरीही सारे एकमेकांत बसणार. सुटे भाग निवडण्याचे स्वातंत्र्य या कागदी करारातून आले.

४/१४
मग लहान संगणकाची गरज कोणाला भासली? डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला, १९९६ मध्ये 'क्वेक'. एकाच जागी जमून, संगणक तारेने जोडून रात्रभर खेळण्याच्या 'लॅन पार्ट्या' युरोप-अमेरिकेत रूढ झाल्या. स्वीडनची ड्रीमहॅक आणि टेक्ससची क्वेककॉन ही त्यांतली गाजलेली नावे. तेथे प्रत्येकाला आपला जडशीळ टॉवर आणि काचेचा मॉनिटर उचलून न्यावा लागे. आटोपशीर यंत्राची ओढ या ओझ्यातून वाढली.

५/१४
जुलै २००० मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी४ क्यूब सादर केला. सुमारे आठ इंचांचा घन, पारदर्शक आवरणात जणू तरंगणारा, पंखा नसलेला. रूप देखणे, पण किंमत १,७९९ डॉलरपासून पुढे आणि आत विस्ताराला जागा तुटपुंजी. एका वर्षातच, जुलै २००१ मध्ये, त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.

६/१४
२००१ मध्येच तैवानच्या शटल कंपनीने एसव्ही२४ हा बुटाच्या खोक्याएवढा संगणक आणला. पुढच्या 'एक्सपीसी' मालिकेत ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी स्लॉटही आला आणि लॅन पार्टीला जाणाऱ्यांनी तिचे स्वागत केले. अडचण एकच : बोर्ड आणि एसएमपीएस बहुतांशी शटलच्याच मापाचे. बोर्ड जुना झाला की बहुधा अख्खे खोकेच बदलावे लागे.

७/१४
त्याच वर्षी तैवानच्याच व्हिया कंपनीने 'मिनी-आयटीएक्स' मांडले. अवघा १७० × १७० मिलिमीटरचा बोर्ड, एकच स्लॉट. त्यावरचे प्रोसेसर मंदगती. गेमिंगचा विचारही नव्हता. पण एक निर्णय दूरदर्शी ठरला : बोर्डाची चारही छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळणारी ठेवली. त्यामुळे हा चिमुकला बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही निमूटपणे बसतो.

८/१४
खुद्द इंटेलने मात्र उलटा मार्ग धरला. पेंटियम ४ च्या उष्णतेवर उपाय म्हणून कंपनीने २००३ मध्ये 'बीटीएक्स' ही नवी रचना जाहीर केली. पुढून आलेली हवा आधी प्रोसेसरवर, मग ग्राफिक्स कार्डावर. तर्क उत्तम होता; पण त्यासाठी जुने बोर्ड आणि कॅबिनेट टाकून द्यावे लागणार होते. बाजार वळला नाही. २००६ मध्ये इंटेलनेच हा नाद सोडला.

९/१४
नाद सोडणे परवडले, कारण रोगच हटला होता. पेंटियम ४ चे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत पोहोचले होते. २००६ चा कोअर २ ड्युओ ६५ वॅटमध्ये त्यांना मागे टाकू लागला. पुढे मिनी-आयटीएक्सवरच्या त्या एकमेव स्लॉटची जागा पूर्ण रुंदीच्या पीसीआय एक्सप्रेसने घेतली आणि चिमुकला बोर्ड खेळाच्या मैदानात उतरला.

१०/१४
उरला एसएमपीएस. एटीएक्स मापाचा साधारण १५० × ८६ × १४० मिलिमीटर, म्हणजे १.८ लिटर, छोटा 'एसएफएक्स' १२५ × ६३.५ × १००, म्हणजे ०.८ लिटर. ही एका लिटरची बचत मोलाची; पण एसएफएक्स दीर्घकाळ कार्यालयीन यंत्रांपुरता, कमी वॅटचाच मिळे. २०१४ च्या सुमारास ६०० वॅटचे एसएफएक्स आले आणि ही कोंडी फुटली.

११/१४
कॅबिनेटची कोंडी मात्र हौशी मंडळींनी फोडली. मनाजोगते कॅबिनेट मिळेना, तेव्हा ऑनलाइन चर्चेतून आराखडा घडला आणि २०१३ मध्ये लोकवर्गणीतून 'एनकेस एम१' साकारले : १२.६ लिटर. २०१६ मध्ये त्याच मार्गाने जर्मनीतून 'डॅन ए४' आले : सुमारे ७.२ लिटर. मध्यम टॉवर ४० लिटरच्या आसपास असतो, हे लक्षात घ्या.

१२/१४
ए४ ची युक्ती अशी : बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे, आणि दोहोंना जोडणारी रायझर केबल. पण दाटीवाटीत चुकीला जागा नसते. एनझेडएक्सटीच्या 'एच१' कॅबिनेटमध्ये रायझर बसवणारा धातूचा स्क्रू १२ व्होल्टच्या वाहिनीला भिडून आग लागण्याचा धोका आढळला. आधी नायलॉनचे स्क्रू देऊन पाहिले. तेवढ्याने भागले नाही आणि २०२१ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ३२,००० कॅबिनेट परत मागवण्याची पाळी आली.

१३/१४
दरम्यान ग्राफिक्स कार्डे फुगत गेली. २०१६ चे जीटीएक्स १०८० होते १८० वॅटचे. २०२२ चे आरटीएक्स ४०९० तब्बल ४५० वॅटचे आणि तीन स्लॉट जाडीचे. अखेर २०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या कॅबिनेटसाठी कार्डाची मर्यादा सांगितली : लांबी ३०४ मिलिमीटर, जाडी अडीच स्लॉट. २०२५ मध्ये तिचेच ५०९० हे कार्ड दोन स्लॉटमध्ये आले. वॅट मात्र ५७५!

१४/१४
म्हणूनच छोटा संगणक जुळवताना क्रम उलटा असतो. मोठ्या यंत्रात आधी प्रोसेसर, शेवटी कॅबिनेट. येथे आधी कॅबिनेट, मग त्यात मावणारे कार्ड, त्याला पुरणारा एसएमपीएस, कूलरची उंची आणि सर्वांत शेवटी, उष्णता बाहेर काढता येईल तेवढाच प्रोसेसर.

या इतिहासात क्यूब सर्वांत देखणा होता आणि बीटीएक्स सर्वांत तर्कशुद्ध. टिकला तो मिनी-आयटीएक्स, कारण त्याने जुन्या छिद्रांशी इमान राखले. नवे यंत्र घेताना एवढे जरूर पाहा : यातला एखादा भाग उद्या बिघडला, तर तो दुसऱ्या कोणाकडून घेता येईल का? चार छिद्रे आणि ०.८ इंचांचे ते जुने अंतर आजही तुमची ही मोकळीक राखून आहेत.