मुई, अनिता

मुई, अनिता : (१० ऑक्टोबर १९६३ – ३० डिसेंबर २००३). हाँगकाँगची पॉप गायिका व चित्रपट अभिनेत्री. मूळ नाव मुई यिम-फाँग. कँटोनी भाषेतील पॉप संगीत (कँटोपॉप) १९८० च्या दशकात ऐन भरात होते. त्या काळातील स्त्री-गायिकांमध्ये रंगमंचावर तिच्याइतका दरारा दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिला ‘पूर्वेची मॅडोना’ म्हणण्याचा प्रघात पडला, पण तो वरवरच्या साम्यावर आधारलेला आहे. हाँगकाँगवासी तिला ‘हाँगकाँगची लेक’ म्हणतात.

तिचा जन्म हाँगकाँगमधील गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. चार भावंडांत ती धाकटी. संसाराचा भार आईवर होता आणि आईने मुलींना गाण्याच्या धंद्यात घातले. चार-पाच वर्षांची असल्यापासून अनिता थोरली बहीण अ‍ॅन हिच्याबरोबर लाय चि कोक येथील करमणूक उद्यानाच्या रंगमंचावर गाऊ लागली. पुढे रात्रीची गायनगृहे, नाइट क्लब, मिळेल तेथे गाणे, एका रात्रीत अनेक ठिकाणी धावाधाव. शाळा अर्ध्यावर सुटली. तिच्या कलेचे मर्म या वर्षांत सापडते. मद्याच्या पेल्यांत आणि गप्पांत रमलेल्या गिऱ्हाइकांना गाण्याकडे मान वळवायला लावण्याची विद्या ती तेथे शिकली. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी घडवलेल्या गायिकांजवळ ही शिदोरी नव्हती.

१९८२ साली टीव्हीबी दूरचित्रवाहिनीने नवगायकांसाठी स्पर्धा सुरू केली. पॉला त्सुई या ज्येष्ठ गायिकेचे गीत गाऊन अनिताने पहिल्याच वर्षी ती जिंकली. तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा, भरदार आणि किंचित खरखरीत होता. गायिकेचा गळा गोड व नाजूक असावा, ही तेव्हाच्या श्रोत्यांची अपेक्षा तिने मोडीत काढली. ‘बॅड गर्ल’ हा तिचा अल्बम या दशकाच्या मध्यावर आला. त्याचे शीर्षकगीत शीना ईस्टनच्या एका इंग्रजी गाण्याच्या चालीवर बांधलेले होते. परक्या, विशेषतः जपानी, चालींवर कँटोनी शब्द रचण्याची रीत त्या काळी हाँगकाँगमध्ये सर्रास होती. मोमोए यामागुचीसारख्या जपानी गायिकांची गाणी अनिताने गायली, पण गाता गाता ती स्वतःची करून टाकली. वेशभूषाकार एडी लाउ याच्या साहाय्याने तिने प्रत्येक अल्बमगणिक रूप पालटले : कधी पुरुषी सूट, कधी वाळवंटातील नर्तकी, कधी जुन्या शांघायमधील मानिनी. १९८७-८८ मध्ये हाँगकाँग कोलिझियममध्ये तिचे सलग २८ प्रयोग झाले. टीव्हीबीचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार १९८५ ते १९८९ अशी पाच वर्षे तिलाच मिळाला. त्यानंतर, नव्या मुलींना वाव मिळावा म्हणून, स्पर्धात्मक पुरस्कार घेणे तिने थांबवले.

अभिनेत्री म्हणून तिचे स्थान ‘रूज’ (दिग्दर्शक स्टॅन्ली क्वान) या चित्रपटाने पक्के केले. लिलियन ली हिच्या कादंबरीवर आधारलेली ही कथा १९३० च्या दशकातील एका गणिकेची आहे. श्रीमंत घराण्यातील प्रियकरासह ती अफू पिऊन जीव देते. तो मात्र परलोकी येत नाही, म्हणून पन्नास वर्षांनी तिचे भूत बदललेल्या हाँगकाँगमध्ये त्याचा शोध घेत हिंडते. आरंभीच्या दृश्यात अनिता पुरुषवेषात, संथ जुन्या ढंगाचे गाणे गाते. तेथेच तिचा खर्ज आणि स्थिर नजर प्रेक्षकाला बांधून ठेवतात. पुढे संपूर्ण चित्रपटात ती क्वचितच आवाज चढवते. नायकाच्या भूमिकेत तिचा जिवलग मित्र लेस्ली च्युंग होता. तैवानचा गोल्डन हॉर्स आणि हाँगकाँग चित्रपट पुरस्कार, दोन्हींनी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले. ‘ड्रंकन मास्टर २’ मध्ये तिने जॅकी चॅनच्या सावत्र आईचे काम केले. प्रत्यक्षात ती त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी तिचे विनोदी टायमिंग त्याच्या तोडीस तोड आहे. ‘द हिरॉइक ट्रायो’ मधील मारधाड, अ‍ॅन हुई हिच्या ‘एटीन स्प्रिंग्ज’ मधील थोरली बहीण आणि ‘जुलै ऱ्हॅप्सोडी’ मधील मूक दुखावलेली पत्नी पाहिली, म्हणजे तिचा आवाका लक्षात येतो.

१९८९ च्या मे महिन्यात बीजिंगमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली मैदानावर कलावंतांनी मोठा संगीत कार्यक्रम केला, त्यात ती होती. जूनमध्ये तेथे आंदोलकांचे हत्याकांड झाल्यावर चीनच्या मुख्य भूमीवर चित्रीकरणास जाण्याचे तिने नाकारले आणि ‘सेंटर स्टेज’ मधील मूकपटतारका रुआन लिंगयूची भूमिका सोडून दिली. ती भूमिका मॅगी च्युंगकडे गेली व तिला बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळवून देणारी ठरली. कारकिर्दीच्या शिखरावर असलेल्या कलावंताने उचललेले हे पाऊल सोपे नव्हते.

२००० साली थोरली बहीण अ‍ॅन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. पुढे त्याच रोगाने अनितालाही गाठले. २००३ हे वर्ष हाँगकाँगसाठी सार्सच्या साथीचे होते. १ एप्रिलला लेस्ली च्युंगने आत्महत्या केली. आजारी असतानाही अनिताने मे महिन्यात साथग्रस्तांसाठी निधी उभारणारा भव्य कार्यक्रम घडवून आणला. सप्टेंबरमध्ये तिने आपला आजार जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये कोलिझियममध्ये आठ प्रयोग केले. लग्न न झालेली अनिता शेवटी पांढऱ्या शुभ्र वधूवेषात आली आणि आपण रंगमंचाशीच लग्न लावल्याचे तिने प्रेक्षकांना सांगितले. महिन्या-दीड महिन्यातच, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ मध्ये तिच्यासाठी योजलेली भूमिका दुसऱ्या कुणाला न देता दिग्दर्शक जांग यिमोऊने कथाच बदलली आणि चित्रपट तिच्या स्मृतीस अर्पण केला.

मालमत्ता तिने विश्वस्त निधीत ठेवली होती. आईला त्यातून दरमहा ठरावीक रक्कम आणि भाचरांच्या शिक्षणाचा खर्च अशी तरतूद होती. आईने मृत्युपत्राला आव्हान दिले, परंतु न्यायालयांनी ते फेटाळले. ‘ग्रासहॉपर’ हे त्रिकूट, अँडी हुई आणि डेनिस हो हे तिचे शिष्य. स्वतःच्या कार्यक्रमांत त्यांना उभे करून तिने त्यांना श्रोते मिळवून दिले. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या ‘अव्हेन्यू ऑफ स्टार्स’ साठी तिचा पुतळा उभारण्यात आला. २०२१ मध्ये ‘अनिता’ हा चरित्रपट आला. तो तिच्या आयुष्याची ओळख करून देतो, पण तिची कला जाणून घ्यायची असेल तर आधी ‘रूज’ पाहावा.