गिअर पडणे : यंत्रनौकेच्या इतिहासातील एक प्रकरण

नौकेला ब्रेक नसतो. धक्क्याला लागताना तिचा वेग मोडावयाचा तर पंखा उलटा फिरवावा लागतो. ऐन वेळी उलटा गिअर पडला नाही, तर नौका धक्क्यावर, किंवा तेथे बांधलेल्या दुसऱ्या नौकेवर, जाऊन आदळते. वेग आणि अश्वशक्ती यांच्या वर्णनांत हे थांबण्याचे साधन सहसा दुर्लक्षित राहते.

पिस्टनच्या वाफ-इंजिनास ही अडचण फारशी नव्हती. झडपांची वेळ बदलली की इंजिनच उलटे फिरे. टर्बाइनला ते साधत नाही. 1912 साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’चे बाजूंचे दोन पंखे पिस्टन-इंजिनांवर चालत व उलटे फिरू शकत, टर्बाइनवरील मधल्या पंख्याला ती सोय नव्हती. लहान नौकांतील पेट्रोल-इंजिनही सामान्यतः एकाच दिशेने फिरणारे. त्यामुळे दिशा बदलण्याचे काम इंजिनाकडून गिअरकडे आले.

पण ते लगेच आले नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिलवॉकी येथे 1909 साली बाजारात आणलेल्या, नौकेच्या पिछाडीस अडकवावयाच्या मोटारीत गिअर बदलण्याची सोय नव्हती. इंजिन सुरू झाले की नौका निघालीच. पुढील काळातील काही मोटारींत मागे जाण्यासाठी सबंध मोटारच खिळीवर उलट फिरवावी लागे. 1949 साली जॉन्सन कंपनीने आपल्या 10 अश्वशक्तीच्या मोटारीत पुढे, मोकळा आणि मागे अशा तिन्ही जागा दिल्या. दहा वर्षांनी, 1959 साली, व्होल्व्हो पेंटाची ‘अ‍ॅक्वामॅटिक’ आली. तीत इंजिन नौकेच्या पोटात आणि गिअर व पंखा पिछाडीच्या बाहेर, पाण्यात, अशी विभागणी होती. 1961 साली ‘मर्क्रूझर’ही त्याच वाटेने आली. या विभागणीमुळे चालकाचा हात आणि क्लच यांच्यामधले अंतर वाढले, आणि माझ्या मते पुढील बहुतेक दुखण्यांचे मूळ याच अंतरात आहे.

येथे रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पंख्याच्या दांड्यावर समोरासमोर दोन दंतचक्रे असतात. ती वरून येणाऱ्या लहान दंतचक्राशी सदैव गुंतलेली असून परस्परविरुद्ध फिरतात. म्हणजे गिअर टाकताना दंतचक्रे गुंततच नाहीत. त्यांच्यामधला दातेरी क्लच एका बाजूस सरकून खाचांत बसतो. आपल्याकडील गॅरेजांत ‘गिअर पडला’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकास हे क्रियापद फार समर्पक वाटते, कारण दात खाचेत खरोखरच पडावा लागतो.

याच न्यायाने तक्रारीतील क्रियापद नीट ऐकले तर निदान निम्मे होते. ‘गिअर पडत नाही’ म्हटले की प्रथम केबल पाहावी. ती पिछाडीतून रबरी भात्यामधून बाहेर जाते. भाता चिरला की पाणी शिरते, केबल गंजते, आणि तिचे वेष्टन ताणले की हाताशी दांडा पूर्ण सरकतो पण टोकाशी क्लच अर्धाच. केबल टोकाशी सोडवून पाहावी. तरीही दांडा जड जात असेल तर दोष केबलीत किंवा दांड्याच्या पेटीत आहे. ‘गिअर सुटतो’ याचा अर्थ बहुधा दातांचे कोपरे झिजून गोल झाले आहेत. पुष्कळ चालक सौजन्याने दांडा हळूहळू सरकवतात. त्यानेच दात खरडले जातात. इंजिन अगदी मंद करून दांडा ठामपणे टाकणे हाच खरा दयाळूपणा. ‘गिअर पडतो पण नौका हलत नाही’ हे तर वेगळेच दुखणे. तेथे पंख्याच्या मध्यातील रबर सुटलेले असू शकते. ते रबर येण्यापूर्वी तेथे खिळ असे, व खडकावर आदळताच ती मोडे.

सर्वांत फसवी तक्रार ‘गिअर निघत नाही’ ही होय. भार असताना दात खाचेत घट्ट दाबलेले असतात. म्हणून ‘मर्क्रूझर’च्या दातेरी क्लचच्या रचनेत दांडा मोकळ्यावर आणताना एक स्विच क्षणभर ठिणगी तोडतो, भार उतरतो आणि दात सुटतात. केबल जड झाली की तो स्विच क्षणाऐवजी बराच वेळ दाबलेला राहतो आणि इंजिनच बंद पडते. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, स्पार्क प्लग बदलले जातात, आणि दोषी केबल जागच्या जागी राहते.

व्होल्व्हो पेंटाच्या पुढील रचनांत दातांऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच आला. तो न खडखडता पडतो, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की भाराखाली घसरतो. साठीच्या दशकात काही अमेरिकन मोटारींनी केबलच काढून विजेच्या वेटोळ्यांनी क्लच ओढण्याचा प्रयोग केला. आता अनेक नव्या नौकांतही दांड्याची आज्ञा विजेच्या तारांतूनच जाते, आणि गिअर पडला नाही तर कारागीर प्रथम बॅटरी तपासतो.