अस्थि-अर्बुदांचे उपचार आणि कृत्रिम सांध्यांची सुरक्षितता

हाडात उद्भवलेली गाठ समूळ काढणे, तिच्याबरोबर गेलेले हाड किंवा सांधा भरून काढणे आणि शरीरात बसवलेला कृत्रिम सांधा वर्षानुवर्षे निर्धोक राहतो का याचा माग ठेवणे, अशा तीन कामांशी निगडित असलेली अस्थिशल्यचिकित्सेतील संशोधनशाखा. गाठीसाठी बसवलेला सांधा आणि संधिवातासाठी बसवलेला सांधा यांची चर्चा सहसा वेगवेगळी होते. प्रत्यक्षात दोन्हींची सामग्री, झीज आणि धोके बरेचसे सारखे आहेत; मोठा फरक आहे तो रुग्णाच्या वयाचा. सत्तरीतल्या माणसाला गुडघा वीस वर्षे टिकला की पुरतो. पंधरा वर्षांच्या मुलाला तो पन्नास-साठ वर्षे लागणार असतो, आणि इतका दीर्घ पुरावा आज कोणत्याही सांध्यापाशी नाही. त्यामुळे या शाखेत नव्या शोधाइतकेच महत्त्व जुन्या रुग्णांच्या नोंदींना आहे.

गाठींचे स्वरूप व निदान. प्रौढांच्या हाडात आढळणारा कर्करोग बहुतेक वेळा स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून पसरून आलेला असतो. हाडातच सुरू होणारे कर्करोग विरळ आहेत. त्यांपैकी ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः दहा ते वीस या वयोगटात, हाडे झपाट्याने वाढत असताना होतो. मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडील टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे खांद्याकडील टोक या त्याच्या नेहमीच्या जागा. तो पसरतो तो प्रामुख्याने फुप्फुसांत. जेम्स यूइंग यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेला यूइंग सार्कोमाही मुलांना आणि तरुणांनाच अधिक होतो, मात्र तो किरणोपचारांना दाद देतो. मध्यमवयातील कॉन्ड्रोसार्कोमावर औषधांचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तिथे भिस्त शस्त्रक्रियेवरच असते. जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण विशी ते चाळिशीतल्या माणसाचा सांधा आतून पोखरून टाकते.

निदान लांबण्याचे कारण साधे असते. खेळताना पडलेल्या मुलाचा गुडघा दुखतो, घरचे मुका मार समजतात, मालीश आणि शेक सुरू होतो आणि दोन-तीन महिने निघून जातात. रात्री झोपेतून उठवणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे आणि हाडालगतची वाढती सूज दिसली की आधी साधा एक्स-रे काढावा. बहुतेक वेळा पहिला सुगावा त्यातच लागतो. त्यानंतर एमआरआय, छातीचा सीटी स्कॅन आणि शेवटी बायोप्सी. बायोप्सी दिसते लहानशी, पण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून असते. सुई किंवा चीर ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर कर्कपेशी सांडलेल्या असू शकतात, म्हणून मुख्य शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीबरोबर काढावी लागते. आडव्या किंवा भलत्या जागी घेतलेल्या चिरेमुळे वाचू शकणारा पाय गमावावा लागतो. त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच बायोप्सी करावी, असा नियम जगभरच्या केंद्रांत पाळला जातो.

औषधोपचाराचा टप्पा. १९७० पूर्वी ऑस्टिओसार्कोमाचा उपचार म्हणजे पाय कापणे. पाय कापूनही पाचांतले चार रुग्ण दगावत, कारण निदानाच्या वेळी डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांत पोचलेले असत. अमेरिकेत नॉर्मन जॅफी आणि इतरांनी मेथोट्रेक्झेटच्या मोठ्या मात्रा आणि ॲड्रियामायसिन वापरून पाहिले, तेव्हा हे चित्र पालटू लागले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात जेरल्ड रोझेन यांच्या पथकापुढे वेगळीच अडचण होती. रुग्णाच्या मापाचा कृत्रिम सांधा घडवून यायला आठवडेच्या आठवडे लागत. तेवढा काळ रुग्णाला नुसते बसवून कसे ठेवायचे, म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेआधीच औषधे सुरू केली. कारखान्याच्या दिरंगाईतून निघालेली ही तोड पुढे उपचाराची मुख्य पद्धत ठरली, कारण तिचा एक अनपेक्षित लाभ होता: काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून औषधाने किती पेशी मेल्या हे पाहता येऊ लागले. ९० टक्क्यांहून अधिक पेशी मेलेल्या असतील तर पुढची वाटचाल चांगली होते, हा निकष आजही वापरात आहे.

तरीही काही तज्ज्ञांना शंका होती की हा आजारच आता सौम्य झाला असावा आणि श्रेय मात्र औषधांना जात असावे. ही शंका १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या चाचणीने मिटवली. शस्त्रक्रियेनंतर औषध न दिलेल्या गटात दोन वर्षांनी १७ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, औषध दिलेल्या गटात ६६ टक्के. त्यानंतरची प्रगती मात्र मंदावली. १७ देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदवणाऱ्या युरामॉस-१ चाचणीत, पहिल्या औषधांना कमी दाद देणाऱ्यांना आणखी दोन औषधे वाढवून दिली गेली. त्रास वाढला, फायदा झाला नाही. रोग पसरलेला नसेल तर साठ-सत्तर टक्के रुग्ण वाचतात, या टप्प्यावर हा उपचार चार दशके थबकला आहे. भारतात मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्झेटसाठी रक्तातील पातळी वारंवार तपासावी लागते आणि तो खर्च अनेकांना झेपत नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ते औषध वगळून ‘ओजीएस-१२’ ही योजना तयार केली. तिचे परिणाम आंतरराष्ट्रीय आकड्यांच्या जवळ जाणारे आहेत.

अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया. गाठ काढून धातूचे हाड बसवण्याचा प्रयोग जुना आहे. ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये जायंट सेल ट्यूमर झालेल्या रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तिथे व्हायटॅलियम या मिश्रधातूचा भाग बसवला होता. औषधोपचार प्रभावी झाल्यावर ही वाट रुंदावली. फ्लोरिडातील विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये गाठींच्या टप्प्यांची आणि कापणीच्या मर्यादांची जी मांडणी केली, तिच्यामुळे जगभरचे शल्यविशारद एकाच परिभाषेत बोलू लागले. गाठीभोवती निरोगी ऊतीचे आवरण ठेवून ती न फोडता अख्खी काढणे हे या शस्त्रक्रियेचे सूत्र आहे. आज बहुसंख्य रुग्णांचा हात किंवा पाय वाचतो.

मांडीचे अर्धे हाड आणि गुडघा यांची जागा घेणाऱ्या मोठ्या सांध्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी इंग्लंडमधील स्टॅनमोर येथे चुंबकाने लांबवता येणारा सांधा विकसित झाला. मुलाचा पाय विद्युतवेटोळ्यात ठेवला की आतले चुंबक फिरते, दातेरी चक्रे सरकतात आणि चार मिनिटांत १ मिलिमीटर लांबी वाढते. भूल नको, चीर नको. त्याची किंमत मात्र फार मोठी आहे. भारतात गरिबांसाठी दुसरे मार्ग शोधावे लागले. टाटा मेमोरियलने देशी बनावटीचे मेगाप्रोस्थेसिस वापरात आणले आणि ते मोडू नयेत म्हणून त्यांच्या रचनेवर आयआयटी मुंबईच्या अभियंत्यांबरोबर काम केले. दुसरा मार्ग रुग्णाचेच हाड परत वापरण्याचा. गाठीसह कापलेला हाडाचा तुकडा स्वच्छ करून निर्जंतुक वेष्टनात गुंडाळतात, शस्त्रक्रिया चालू असतानाच किरणोपचाराच्या यंत्राकडे नेतात, एकाच वेळी ५० ग्रे मात्रा देतात आणि परत आणून पट्टी-स्क्रूंनी त्याच जागी बसवतात. त्यातल्या सगळ्या पेशी, चांगल्या-वाईट, मेलेल्या असतात. उरतो तो अगदी नेमक्या मापाचा सांगाडा, आणि पुढे जिवंत हाड हळूहळू त्यात शिरते. जपानमधील कानाझावा येथे हेच काम द्रवरूप नायट्रोजनने करतात.

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कर्करोगासाठीच्या विशेष सांध्याची कमाल किंमत कर वगळून १,१३,९५० रुपये ठरली. त्याआधी तो चार ते नऊ लाखांना पडत होता. कर्करोगाच्या रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय कोणत्याही नव्या यंत्राहून कमी मोलाचा नाही.

मोठ्या सांध्याचा सर्वांत मोठा शत्रू जंतुसंसर्ग आहे. औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेली, स्नायूंचे आवरण कमी झालेले आणि आत धातूचा मोठा तुकडा, असा तिहेरी धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर अनेक दिवस प्रतिजैविके देण्याची प्रथा पडली होती. कॅनडातून चालवलेल्या ‘पॅरिटी’ चाचणीने १२ देशांतील ६०४ रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच दिवस औषध दिलेल्यांत १५ टक्के आणि एकच दिवस दिलेल्यांत १६.७ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य होता, उलट पाच दिवसांच्या गटात औषधांचे दुष्परिणाम अधिक होते. इतक्या विरळ आजारात एवढे रुग्ण जमवणे एका देशाच्या आवाक्याबाहेरचे होते.

अशाच तोलामोलाच्या चाचणीचे दुसरे उदाहरण मुंबईतल्या परळचे. सार्कोमाच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीला सीटी स्कॅन हवा की छातीचा एक्स-रे पुरे, तीन महिन्यांनी यावे की सहा, हा प्रश्न गावाहून येणाऱ्या कुटुंबासाठी भाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि मुंबईत राहण्याच्या जागेचा असतो. अजय पुरी आणि त्यांच्या टाटा मेमोरियलमधील सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांची यादृच्छिक चाचणी करून २०१४ मध्ये दाखवून दिले की एक्स-रेवर भागवल्याने आयुर्मान घटत नाही. जागच्या जागी उलटलेल्या बहुतेक गाठी, स्वतःची तपासणी करायला शिकवलेल्या रुग्णांनीच आधी ओळखल्या होत्या. श्रीमंत देशांच्या मार्गदर्शक तत्त्वांना भारतातून दिलेले हे उत्तर अधिक प्रसिद्ध व्हायला हवे.

सांध्यांची झीज आणि तिचा शोध. आधुनिक खुब्याच्या सांध्याचे जनक जॉन चार्नली यांना पहिला धडा अपयशातून मिळाला. १९५० च्या दशकाअखेरीस त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्णांना सांधे बसले आणि काही वर्षांतच ते झिजून भोवती चिकट गाठी जमू लागल्या. मे १९६२ मध्ये एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा तुकडा आणून दिला. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि तो नाकारला. पण त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी तो घर्षणयंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढे हे प्लास्टिक तीन आठवड्यांतही झिजले नाही. त्यानंतर चार्नली यांनी दोन्ही प्लास्टिकचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि परिणाम पाहिला. टेफ्लॉनभोवती सूज आली, पॉलिएथिलीन शांत राहिले. नोव्हेंबर १९६२ पासून रुग्णांना नवी वाटी बसू लागली. चार्नली यांनी हा सांधा बराच काळ सर्रास विकू दिला नाही, तंत्र शिकलेल्यांपुरताच ठेवला. पुढच्या काळात हाच संयम सुटला.

पॉलिएथिलीनही झिजतेच, पण सावकाश. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण भक्षक पेशी गिळतात, पचवू शकत नाहीत आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे सांध्याभोवतीचे हाड विरघळते. १९९० च्या दशकाअखेरीस किरणोत्साराने अधिक घट्ट विणलेले पॉलिएथिलीन आले आणि ही झीज पुष्कळ कमी झाली.

सांधा ढिला होणार हे वेळेआधी ओळखण्याची पद्धत स्वीडनमध्ये गोरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. हाडात टँटॅलमचे बारीक मणी बसवून दोन कोनांतून एक्स-रे काढले की सांध्याचे मिलिमीटरच्या अंशाएवढे सरकणेही मोजता येते. मोजक्या रुग्णांत दोन वर्षांत जे दिसते, त्यावरून पुढील दहा वर्षांचा अंदाज बांधता येतो. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला कोणता सांधा बसला आणि कोणता पुन्हा बदलावा लागला, एवढीच माहिती. पण त्यातून वाईट सांधे उघडे पडू लागले.

एएसआर प्रकरण. प्लास्टिकची झीज टाळण्यासाठी धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरवणारे सांधे पुन्हा लोकप्रिय झाले. डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा २००३ मध्ये बाजारात आला. त्याची वाटी उथळ होती. ती थोडी तिरकी बसली की कड घासे आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण व आयन रक्तात उतरत. सांध्याभोवतीच्या ऊती मरत आणि तिथे द्रवाने भरलेली किंवा घट्ट गाठ तयार होई. तपासणीत ती अर्बुदासारखी दिसते, म्हणून तिला आभासी अर्बुद म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने २००७ मध्येच धोक्याची सूचना दिली होती. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागल्याचे दिसल्यावर, ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर सुमारे ९३,००० सांधे बसले होते. धातूच्या आयनांमुळे कर्करोग होईल ही भीती स्वाभाविक होती. इंग्लंडमधील नोंदींच्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या सात वर्षांत तसे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

भारतात सुमारे ४,७०० एएसआर सांधे बसले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने मात्र तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये. नुकसानभरपाईचे सूत्र २०१८ अखेरीस ठरले: ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत. बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही, कारण कोणत्या क्रमांकाचा सांधा कोणाच्या शरीरात आहे याची सलग नोंद कुठेच नव्हती.

वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम भारतात जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. खुबा-गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही २००६ पासून चालते, पण तीत माहिती भरणे ऐच्छिक आहे. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनी, आकार आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. शस्त्रक्रियागृहात ते केसपेपरवर डकवले जातात. त्यांची एक प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि एक्स-रेबरोबर जपून ठेवावी. उद्या सांधा मागे घेण्याची सूचना निघाली, तर आपला सांधा त्यात आहे की नाही हे त्या क्रमांकावरूनच कळते.